रेझिन आणि प्लॅस्टिकच्या आकृतींच्या किटमध्ये फेरफार आणि नवं रंगकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणसाची, प्राण्याची किंवा काल्पनिक पात्राची आकृती सुट्या भागांतून जोडायची, तिच्यात आपल्या मनासारखे बदल करायचे आणि ती नव्यानं रंगवायची, या छंदातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. यातल्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर ‘तुमची आकृती कशाची बनली आहे’ यावर अवलंबून असतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

माझ्याकडची आकृती रेझिनची आहे की प्लॅस्टिकची, हे कसं ओळखायचं?

भाग चौकटीला जोडलेले आले असतील, म्हणजे स्प्रूवर असतील आणि निपरनं कापून काढावे लागत असतील, तर ते बहुतेक पॉलिस्टायरिन. काही किटमध्ये सांध्यांचे आणि जोर पडणारे भाग एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. ते थोडे चिवट असतात आणि चौकटीच्या कडेला बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं. भाग सुटे, भरीव, हाताला जड आणि एकाच फिकट रंगाचे असतील, कडेला ओतकामाचे जाड तुकडे चिकटलेले असतील, तर ते पॉलियुरेथेन रेझिन. पोकळ आणि दाबल्यावर किंचित दबणारे भाग असतील तर सॉफ्ट व्हिनाइल. तयार रंगवून विकल्या जाणाऱ्या आकृती बहुतेक पीव्हीसीच्या असतात आणि त्यांच्या तलवारी, काठ्या, बैठकी यांसारखे ताठ भाग एबीएसचे. केसांचं टोक बोटानं हलकेच वाकवून बघा, लवलं तर पीव्हीसी. उजेडात तिरकं धरल्यावर एकावर एक बारीक थर दिसले तर ती थ्रीडी प्रिंटरवर काढलेली, अतिनील प्रकाशानं घट्ट होणाऱ्या रेझिनची आकृती आहे. तिचे नियम पुन्हा वेगळे.

तरीही खात्री होत नसेल तर आतल्या, न दिसणाऱ्या जागी प्लॅस्टिक सिमेंटचा एक थेंब लावा. पॉलिस्टायरिन लगेच मऊ पडतं, पॉलियुरेथेन रेझिनवर काहीच होत नाही. तुकडा जाळून वासावरून ओळखायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो आणि तो फुप्फुसांसाठी फार वाईट.

‘गराज किट’ म्हणजे काय?

छोट्या प्रमाणावर, सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून काढलेलं किट. प्लॅस्टिकच्या किटसाठी पोलादी साचा लागतो. तो महाग असतो, म्हणून हजारो नग विकले जाणार असतील तरच परवडतो. सिलिकॉनचा साचा घरच्या टेबलावर होतो, पण काही डझन ओतकामांत फाटायला लागतो. म्हणून अशी किटं मोजकीच निघतात.

जपानमध्ये ही चळवळ १९८०च्या दशकात फोफावली. ‘वंडर फेस्टिव्हल’ हा तिचा मोठा मेळा १९८५ मध्ये जनरल प्रॉडक्ट्स या कंपनीनं सुरू केला आणि १९९२ पासून तो कायोदो ही कंपनी भरवते. तिथली एक व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते: हौशी मूर्तिकाराला पात्राच्या हक्कदाराकडून फक्त त्या एका दिवसापुरता विक्रीचा परवाना मिळतो.

आकृतींच्या प्लॅस्टिक किटचा इतिहास त्याहून जुना आहे. अमेरिकेतल्या ऑरोरा कंपनीचं फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचं किट १९६१ सालचं. फेरफार करणाऱ्यांचं आवडतं नाव मात्र फ्रान्सच्या हिस्टोरेक्सचं. नेपोलियनकालीन घोडेस्वारांच्या त्यांच्या ५४ मिलिमीटरच्या किटमध्ये इतके बारीक सुटे भाग असत की लोक एकाचं डोकं, दुसऱ्याचा कोट आणि तिसऱ्याचा घोडा जुळवून नवाच स्वार उभा करत.

खोकं उघडल्यावर पहिलं काम काय?

सगळे भाग यादीशी ताडून बघा. मग धुवा. रेझिन साच्यातून सुटावं म्हणून साच्याला तेलकट द्रव्य लावलेलं असतं. ते पृष्ठभागावर राहिलं की त्यावर अस्तर, म्हणजे रंगाखालचा प्रायमर, धरत नाही आणि पुढे मास्किंग टेपबरोबर रंगाचा पापुद्रा निघून येतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश एवढं पुरतं. खाचाखोचांत ब्रश नीट फिरवा आणि बेसिनच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर सुटी बोटं नाल्यात जातील. प्लॅस्टिकच्या किटलाही एकदा धुणं बरं, पण तिथे एवढी काटेकोर गरज नसते.

धुऊन झाल्यावर सगळे भाग गोंद न लावता, ब्लू टॅकसारख्या मऊ चिकट पदार्थावर जुळवून आकृती उभी करून बघा. कुठे फट आहे, कुठला भाग वाकलाय, कुठे फेरफार करावासा वाटतोय, हे सगळं इथेच कळतं. फोटो काढून ठेवा.

तलवार वाकडी आलीय. बदलून मागायची का?

नाही. रेझिनचे बारीक लांब भाग प्रवासात वाकतातच. साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात मिनिटभर बुडवा, मऊ पडलं की सपाट काचेवर सरळ करा आणि तसंच धरून गार पाण्यात घाला. पीव्हीसीलाही हाच उपाय लागू पडतो. पॉलिस्टायरिन मात्र त्याहून जास्त तापमानाला मऊ होतं आणि झालं की एकदम हातातून जातं, म्हणून त्याच्या बाबतीत गरम पाण्याचा नाद सोडा. फारच बारीक तलवार किंवा भाला असेल तर रेझिनचा भाग बाजूला ठेवून तिथे पितळी सळई घालणं उत्तम. ती पुन्हा वाकत नाही.

साच्याची शिवण आणि बुडबुडे कसे घालवायचे?

शिवण म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे भेटतात तिथली उंचवट्याची रेघ. सुरीचं पातं काटकोनात धरून खरवडा, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं आणि शेवटी ६०० किंवा ८०० नं ओलं घासा. चेहऱ्यावरून, विशेषतः कानामागून आणि हनुवटीखालून जाणारी शिवण सगळ्यात जास्त चुकते, कारण फिकट रेझिनवर ती दिसतच नाही. अस्तराचा एक पातळ हात मारला की ती उघडी पडते.

बुडबुड्याचं भोक वरवर बुजवू नका. आधी सुईनं किंवा बारीक ड्रिलनं ते थोडं मोठं करा, म्हणजे भरलेल्या मालाला धरायला जागा मिळते. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकाला दाट सरफेसर, म्हणजे बारीक खाचा बुजवणारं अस्तर, चालतो. मोठ्याला सुपरग्लू आणि खाण्याचा सोडा. हे मिश्रण क्षणात घट्ट होतं, पण आजूबाजूच्या मालापेक्षा कडक असतं. त्यामुळे लगेच घासायला घ्या, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

रेझिनची धूळ खरंच एवढी धोकादायक आहे का?

आहे. कोरडं घासल्यावर उडणारी बारीक धूळ नाकावाटे आत जाते. उपाय सोपे आहेत: पाण्यात बुडवून ओलं घासायचं, एन-९५ दर्जाचा मास्क लावायचा आणि टेबल झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. एन-९५ मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. लॅकर, म्हणजे तिखट थिनरचा रंग, फवारताना सक्रिय कार्बनचं फिल्टर असलेला रेस्पिरेटर आणि हवा बाहेर फेकणारा पंखा लागतो. थ्रीडी प्रिंटच्या आकृतीवर कच्चं, चिकट रेझिन राहिलं असेल तर नायट्राइल हातमोज्यांशिवाय तिला हात लावू नका. त्यानं त्वचेची ॲलर्जी होऊ शकते.

कुठला गोंद कशाला?

पॉलिस्टायरिनला प्लॅस्टिक सिमेंट. ते चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. म्हणूनच रेझिनवर आणि पीव्हीसीवर त्याचा उपयोग नाही. रेझिनला सुपरग्लू किंवा दोन भाग मिसळायचा इपॉक्सी गोंद. सुपरग्लूनं भाग लगेच धरला जातो, पण आडव्या धक्क्याला तो दगा देतो. इपॉक्सी सावकाश घट्ट होतो, त्यामुळे जुळवायला वेळ मिळतो. पारदर्शक भागांजवळ सुपरग्लू नको, त्याच्या वाफेनं काच पांढुरकी होते. सांडलेला सुपरग्लू कापसानं टिपूही नका, कापसाशी संबंध येताच तो चांगलाच तापतो आणि बोट भाजतं.

आत तार घालणं गरजेचं आहे का?

रेझिन असेल तर हो. भरीव हाताचं, केसांच्या झुबक्याचं वजन नुसत्या गोंदावर वर्षानुवर्षं टिकत नाही. १/८ प्रमाणाच्या आकृतीच्या घोट्यात, मांडीत आणि खांद्यात २ मिलिमीटरची पितळी तार, बोटं आणि बारीकसारीक भागांना १ मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक. भोकं हातड्रिलनं पाडा. विजेच्या ड्रिलचा वेग कमी करता येत नसेल तर रेझिन वितळून बिटाला चिकटतं.

खरी अडचण समोरासमोरची भोकं जुळवण्याची. एका बाजूला भोक पाडा, त्याच्या कडेला ओल्या रंगाचा ठिपका द्या आणि दोन्ही भाग एकमेकांवर दाबा. दुसऱ्या बाजूला खूण उमटते. तिथे भोक किंचित मोठं पाडलं तर चूकभूल खपून जाते.

मला हात उंचावलेला हवाय, किटमध्ये तो खाली आहे. मुद्रा कशी बदलायची?

या छंदात मला सगळ्यात जास्त आवडणारं काम हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी आरशासमोर स्वतः उभे राहा आणि हवी ती मुद्रा करा. हात डोक्यावर गेला की खांद्याचा नुसता सांधा फिरत नाही. खांदा कानाकडे सरकतो, त्या बाजूची बरगडी ताणली जाते, काखेतल्या स्नायूचा पडदा उघडा पडतो आणि सदरा कमरेपासून वर खेचला जातो. नुसता हात कापून वर चिकटवला की आकृती बाहुलीसारखी दिसते ती यामुळेच. हात उचलायचा म्हणजे हात, खांदा आणि कुशीवरच्या चुण्या, तिन्ही बदलायचं.

कापताना पातळ पात्याची करवत वापरा आणि शक्यतो कपड्याच्या चुणीतून, पट्ट्याच्या कडेनं, बाहीच्या टोकानं कापा, म्हणजे जोड लपतो. करवतीच्या जाडीएवढा माल नष्ट होतो हे लक्षात ठेवा. कापलेल्या दोन्ही बाजूंत तार घाला, पण गोंद लावू नका. तार वाकवून मुद्रा ठरवा, आकृती चारही बाजूंनी बघा, फोटो काढून फोटोत बघा. डोळ्यांना सवय झालेली चूक फोटोत पटकन दिसते.

तोल तपासायची एक जुनी युक्ती चित्रकारही वापरतात. आकृती एका पायावर भार देऊन उभी असेल, तर गळ्याच्या खळगीतून सोडलेली सरळ रेघ त्या भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ उतरली पाहिजे. भार असलेल्या बाजूचं नितंब वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. मुद्रा बदलल्यावर हे नातं मोडलं तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण आकृती पडेलसं वाटत राहतं.

मुद्रा ठरली की तार इपॉक्सीनं पक्की करा. मधली पोकळी पुट्टीनं भरा, पण पहिल्या दमात हवं त्यापेक्षा थोडी कमी. तो थर कडक झाल्यावर त्यावर दुसरा थर देऊन स्नायू आणि चुण्या काढा. वाकलेल्या कोपराच्या आतल्या बाजूला चुण्या दाटीनं जमतात आणि तिथून पंख्यासारख्या पसरतात, बाहेरच्या बाजूला कापड ताणून गुळगुळीत होतं. जाड लोकरी कोटाच्या चुण्या कमी आणि गोल, रेशमाच्या जास्त आणि धारदार. एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

पुट्टी कोणती घ्यावी?

मोठ्या फेरफारांना दोन भाग समान घेऊन मळायची इपॉक्सी पुट्टी. मिलिपुट तासाभरापर्यंत मऊ राहते, काही तासांत दगडासारखी होते आणि छान घासली जाते. ग्रीन स्टफ म्हणून ओळखली जाणारी पुट्टी कडक झाल्यावरही किंचित लवचीक राहते. त्यामुळे पट्टे, दोऱ्या, केसांच्या बटा काढायला ती उत्तम, पण घासताना तिचे धागे निघतात. बरेच जण दोन्ही मिसळून वापरतात, आणि ते मिश्रण खरंच चांगलं होतं. हत्याराला पाणी लावत काम करा, म्हणजे पुट्टी चिकटत नाही. व्हॅसलीन लावलं तर नंतर साबणानं धुवायला विसरू नका.

बारीक फटी बुजवायला ट्यूबमधली लॅकर पुट्टी चालते. ती सुकताना आकसते, म्हणून जाड थर नको.

फर आणि घोड्याची आयाळ कशी काढायची?

पुट्टी अर्धवट घट्ट झाल्यावर सुईनं रेघा ओढून. पॉलिस्टायरिनवर आणखी एक जुना मार्ग आहे, पायरोग्राव्ह्यूर. बारीक तापलेल्या टोकाचं हे हत्यार हिस्टोरेक्सवाल्यांच्या काळात फार लोकप्रिय होतं. टोक हलकं टेकवून ओढलं की प्लॅस्टिक वितळून केसासारखी रेघ उमटते. रेझिनवर आणि पीव्हीसीवर ते वापरू नका, वाफ विषारी असते.

दोन वेगळ्या किटचे भाग एकत्र करता येतील का?

प्रमाण जुळत असेल तर खुशाल. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस १/३५ मध्ये साधारण ४.९ सेंटिमीटर होतो, १/१६ मध्ये १०.६ आणि १/८ मध्ये २१.३. पण खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच प्रमाणाच्या दोन कंपन्यांच्या आकृतींची डोकी आणि तळहात लहानमोठे असतात. डोकं शेजारी शेजारी धरून बघा. डोकं थोडं लहान असलं तर खपतं, मोठं असलं तर लगेच खटकतं.

तयार रंगवलेली पीव्हीसीची आकृती नव्यानं रंगवायची आहे. जुना रंग काढावा लागेल का?

बहुतेक वेळा नाही. साबणानं धुवा, ८०० किंवा १००० नंबरनं हलकं घासून चमक घालवा आणि त्यावरच अस्तर द्या. रंग काढायच्या नादात आकृती थिनरमध्ये भिजत ठेवणारे लोक आहेत. पीव्हीसीला लवचीक ठेवणारं प्लॅस्टिसायझर त्यात निघून जातं आणि भाग ताठ, ठिसूळ होतो. चेहरा बदलायचा म्हणून छापील डोळे पुसायचे असतील तर कापसाच्या काडीला किंचित थिनर लावून एका दिशेनं एकदाच पुसा आणि काडी बदला. घासत बसलात तर गाल विरघळून पांढुरका होतो. आधी मानेच्या खोबणीत, जिथे दिसणार नाही तिथे, करून बघा. ॲसिटोन तर पॉलिस्टायरिन आणि एबीएसच्या जवळपासही नको.

सांधे सुटत नसतील तर ओढू नका. हेअर ड्रायरनं किंवा गरम पाण्यानं ऊब द्या, खुंटी मऊ होऊन अलगद निघते.

पीव्हीसीबाबत आणखी एक इशारा. मऊ पीव्हीसीवर मारलेला इनॅमल (सावकाश सुकणारा तेलकट रंग) आणि काही स्प्रे पेंट महिनोन्महिने चिकट राहतात. प्लॅस्टिसायझर रंगात झिरपत राहतं, रंग कधी पुरता सुकतच नाही. त्यावर पावडर टाकून किंवा वार्निश मारून काही होत नाही. तो रंग काढूनच टाकावा लागतो. ॲक्रिलिक किंवा पातळ लॅकर हे तिथले सुरक्षित पर्याय.

अस्तर लागतंच का?

रेझिनला लागतं, कारण रंग त्याला आपणहून धरत नाही. सरफेसरच्या बाटलीवरचा आकडा जितका मोठा तितका त्याचा कण बारीक. ५०० नंबर ओरखडे बुजवायला, १००० रोजच्या वापराला, १५०० गुळगुळीत त्वचेला. राखाडी अस्तरावर दोष नीट दिसतात. पिवळ्या आणि लाल रंगाखाली पांढरं किंवा गुलाबी अस्तर द्या, नाहीतर रंग मळकट येतो.

अस्तराला एक अपवाद आहे. जपानी रंगारी कधीकधी फिकट रेझिनवर रंगहीन प्रायमर मारतात आणि त्यावर पारदर्शक रंगांचे हात चढवतात. रेझिनचा आतला उजेड त्वचेसारखा झिरपतो. पण या पद्धतीत पुट्टीचा एकही डाग लपत नाही, म्हणजे फेरफार केलेल्या आकृतीला ती जवळजवळ बाद.

लॅकर, ॲक्रिलिक, इनॅमल यांचा क्रम कसा?

जास्त तिखट थिनरचा रंग खाली, सौम्य थिनरचा वर. लॅकरचा पाया, त्यावर ॲक्रिलिक, सगळ्यात वर इनॅमल किंवा तैलरंगाचे वॉश, म्हणजे खाचांत उतरणारे अगदी पातळ केलेले हात. क्रम उलटा केला तर वरचं लॅकर खालचा थर सुरकुतवतं.

इनॅमलच्या वॉशबद्दल सावधगिरी: एबीएसच्या घट्ट बसवलेल्या, ताणाखाली असलेल्या भागांत इनॅमल थिनर झिरपला की भाग तडकतो. सांध्यांवर वॉश ओतू नका आणि जास्तीचा लगेच टिपा.

एअरब्रश नसेल तर?

चालतं. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग, दोन चांगले कुंचले आणि ओली पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी रंगपाटी. एक जाड हात मारण्यापेक्षा तीन पातळ हात मारा आणि दोन हातांमध्ये पूर्ण सुकू द्या. ५४ किंवा ७५ मिलिमीटरच्या सैनिकांचे अनेक नामांकित रंगारी कुंचल्यानंच काम करतात. बेल्जियमच्या फ्रँस्वा व्हर्लिंडन यांनी वॉश आणि कोरडा कुंचला (जवळजवळ कोरड्या कुंचल्यानं उंचवटे उजळणं) यांची जोडी जगभर लोकप्रिय केली; तिला एअरब्रश लागत नाही. १/८ किंवा १/७ च्या आकृतीची मोठी गुळगुळीत त्वचा मात्र कुंचल्यानं एकसारखी करणं फार कष्टाचं आहे, तिथे एअरब्रशचे पैसे वसूल होतात. नोझल ०.३ मिलिमीटरचं, दाब साधारण १ बार, रंग दुधाइतका पातळ.

त्वचा जिवंत कशी दिसेल?

त्वचेची सावली काळ्यानं करू नका. खोलगट भागांत लालसर किंवा नारिंगी छटा, वरच्या भागांवर फिकट. गाल, नाकाचं टोक, कान, कोपर, गुडघे आणि बोटांची पेरं किंचित लाल. पुरुषाच्या हनुवटीवर अगदी पातळ निळसर राखाडी. सावळ्या त्वचेत सावली तांबूस तपकिरी किंवा जांभळट ठेवा आणि उजेडात पांढरा न मिसळता पिवळसर मातकट रंग मिसळा. पांढऱ्यानं त्वचा राख फासल्यासारखी दिसते.

डोळे! दर वेळी तिरळे होतात.

यावर खात्रीचा मार्ग थरांचा आहे. चेहऱ्याची त्वचा आणि बुबुळाभोवतीचा पांढरा भाग लॅकरनं करा. पांढरा म्हणजे शुद्ध पांढरा नको, त्यात त्वचेच्या रंगाचा अंश असू द्या. त्यावर चकचकीत क्लिअर लॅकरचा हात मारून एक दिवस सुकू द्या. आता डोळे इनॅमलनं रंगवा. चुकलं की इनॅमल थिनरमध्ये भिजवून जवळजवळ कोरडी केलेली काडी फिरवा, इनॅमल पुसलं जातं आणि खालचं लॅकर जसंच्या तसं राहतं. कितीही वेळा करा. पीव्हीसीच्या चेहऱ्यावर मात्र वर सांगितलेल्या चिकटपणामुळे इनॅमल नको, तिथे डोळे ॲक्रिलिकनं.

रंगवण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापणीची रेघ, गडद तपकिरी. मग दोन्ही बुबुळांच्या जागा एकेका ठिपक्यानं ठरवा आणि चेहरा उलटा धरून बघा. उलट्या चेहऱ्यात मेंदू भाव वाचत बसत नाही, त्यामुळे एक ठिपका वर-खाली असेल तर लगेच दिसतो. जागा पक्की झाल्यावरच बुबुळ मोठं करा. एक डोळा पुरा करून मग दुसरा हाती घेऊ नका, दोन्ही पायरीपायरीनं सोबत न्या. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला असू द्या. पूर्ण गोल दिसलं तर आकृती दचकलेली वाटते. शेवटी चमकेचा पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. ५४ मिलिमीटरच्या सैनिकाला एवढ्या तपशिलाची गरज नाही, गडद रेघ आणि एक ठिपका पुरे.

चांदी-सोनं फिकं का दिसतं?

खाली चकचकीत काळा हात नसल्यामुळे. आणि धातूच्या रंगाचे कुंचले ज्या थिनरमध्ये धुतले तो बाकीच्या रंगांना वापरू नका, कण सगळीकडे चमकतात.

आधी जोडायचं की आधी रंगवायचं?

फेरफार, फटी बुजवणं, घासणं हे सगळं जोडून. नंतर जिथे कुंचला पोचणार नाही तिथे सुटं ठेवून रंगवा: झग्याच्या आतली बाजू, छातीवर धरलेली ढाल, केसांखालचं कपाळ. आत तारा घातलेल्या असतील तर सुटे भाग त्याच तारेवर धरून रंगवता येतात. जोडताना जोडाच्या जागेवरचा रंग खरवडा, सुपरग्लू रंगाला चिकटतो आणि रंगासकट निघून येतो.

वार्निश मारल्यावर सगळं पांढुरकं झालं!

हवेत दमटपणा जास्त होता. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर बाष्प जमतं. मॅट वार्निशमध्ये हे पटकन दिसतं. दुसऱ्या कोरड्या दिवशी सावकाश सुकणाऱ्या, म्हणजे रिटार्डर मिसळलेल्या थिनरसह पातळ चकचकीत हात मारा, बहुतेक वेळा पांढुरकेपणा जातो. मग पुन्हा मॅट. पावसाळी हवेत स्प्रे कॅन हातात न घेणंच उत्तम.

सगळ्या आकृतीला एकच मॅट हात मारण्याची पद्धत मला पटत नाही. त्वचेला मऊ सॅटिन, लोकरीला मॅट, बुटांना थोडी झिलई, डोळ्यांना आणि ओठांना चकचकीत थेंब. फार कमी कष्टांत फार मोठा फरक पडतो.

फेरफार केलेली आकृती विकता येते का? आणि तिचे साचे काढून प्रती?

स्वतः विकत घेतलेलं एक किट रंगवून तीच आकृती विकणं आणि तिचा साचा काढून प्रती विकणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हात बदलला, डोकं बदललं तरी मूळ शिल्प दुसऱ्याचंच राहतं, आणि परवानगीशिवाय त्याच्या प्रती काढणं म्हणजे चोरी. अशा चोरट्या प्रती ओळखूही येतात. साच्यावरून साचा काढताना प्रत किंचित आकसते, त्यामुळे सांधे बसत नाहीत, बारीक तपशील बोथट होतात आणि बुडबुड्यांचा सुळसुळाट असतो. स्वस्तात मिळालेलं किट घासण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात अस्सल किट रंगवून होतं.

रेझिन काही वर्षांनी पिवळं पडतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. पॉलियुरेथेन रेझिन अतिनील किरणांनी आणि वयानं पिवळसर होतं. अपारदर्शक रंगाखाली ते दिसत नाही, पण रंगहीन प्रायमरवर केलेली त्वचा आणि पारदर्शक भाग यांच्यात दिसतं. आकृती उन्हाच्या खिडकीपासून आणि तापणाऱ्या दिव्यांपासून लांब ठेवा. उष्णतेनं बारीक घोटे हळूहळू वाकतात, आणि तार घातलेली नसेल तर सगळी आकृती पुढे झुकते. पीव्हीसीच्या आकृती बंद खोक्यात वर्षानुवर्षं ठेवल्या तर बाहेर आलेलं प्लॅस्टिसायझर अंगावर चिकट थरासारखं साचतं. कोमट साबणाच्या पाण्यानं ते निघतं. धूळ मऊ, कोरड्या, रंगकामात कधीही न वापरलेल्या ब्रशनं झाडा.